नाल्यातले दगड

गेल्या उन्हाळ्यात, शहाऐंशी साली, कुरखेड्याच्या जंगलातला हा नाला आमच्या जीप क्लबनं पहिल्यांदा पार केला होता. यंदा मात्र नाल्यातल्या दगडांत चाकं जागच्या जागी फिरत होती आणि ऊन कलत होतं. काठावर गावातले म्हातारे वारलूभाऊ बसून आमच्याकडे पाहत होते.

"भाऊ, एवढे दगड पुरानं आणले का?"

"नाई, आमी टाकले. मागल्या साली तुमी गेले, अन् आठच दिवसांत तुमच्या चाकोरीनं लाकूडचोराइचे ट्रक आले."

मी जीप ओढायला दोर काढला.

"गेल्या वेळी ज्या सागाला दोर बांधला होता, तो कुठाय?"

वारलूभाऊ उठून उभे राहिले. ते त्याच्याच बुडख्यावर बसले होते.