अनोळखी

बाबांची होडी मिरकरवाड्यातून गेली ती परत आलीच नाही, तेव्हा मी आईच्या पोटात होते. आई आजही रोज कपाळाला कुंकू लावते.

जुनी वर्तमानपत्रं मोबाईलवर वाचता येतात हे कळल्यापासून, बाळ मांडीवर झोपलं की मी त्या वर्षाचे अंक चाळते. बाबांचं नाव छापलेलं कुठेतरी दिसावं, एवढंच मनात होतं.

आज नाव नाही, पण चार ओळींची बातमी सापडली. 'हेदवीच्या किनाऱ्यावर अनोळखी पुरुषाचा मृतदेह. वय अंदाजे तीस. डाव्या हाताला करंगळी नाही.'

बाबांची करंगळी जाळ्याच्या दोरात अडकून तुटलेली, हे आईनेच मला कधीतरी सांगितलेलं.

"काय गो बाय, गावलं काय?" आईने विचारलं.

तिच्या कपाळाकडे बघितलं आणि मी मोबाईल पालथा ठेवला.

"नाय गो आये. काय नाय गावलं."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग बाळाचं दुपटं सारखं करत हळूच म्हणाली,

 

"बरं केलंस. मला हेदवीला नेऊन दाखवलं, तेव्हा मीपण सांगितलं, ओळखत नाय म्हणून."