दहाच्या दहा

मेघाचं लग्न झालं त्या सालची गोष्ट. मेघा म्हणजे टिकारामची थोरली नात. मांडव दोन घरांच्या मधल्या भिंतीला टेकला होता, तरी भिंतीपलीकडून अक्षता टाकायला कोणी आलं नाही. पलीकडे टिकारामच्या धाकट्या भावाची विधवा शकुनबाई एकटीच राहायची. त्या लग्नाला महिना होत आला असेल, तेव्हा नागपूरच्या विद्यापीठातले अनुप सर खोके घेऊन गावात आले.

शाळेला सुट्ट्या होत्या. एका वर्गात वीस माणसं बसवली, दुसऱ्या वर्गात वीस. टिकाराम पहिल्या वर्गात होता. अनुप सरांनी खेळ समजावून सांगितला. या वर्गातल्या माणसाला तुरीच्या डाळीच्या दहा पुड्या मिळतील. त्यातल्या किती स्वतःला ठेवायच्या आणि किती त्या वर्गातल्या जोडीदाराला द्यायच्या, ते त्यानं कागदावर मांडून पाकिटात घालायचं. जोडीदार हो म्हणाला तर दोघांना आपापला वाटा. नाही म्हणाला तर दोघांचेही हात रिकामे. जोडीदार कोण, हे मात्र कोणालाच कळणार नाही. अशा दहा गावांतल्या दोनशे जोड्यांचे आकडे ते संगणकात घालणार होते आणि माणूस वाटणी करताना नेमकं काय बघतो, त्याचं गणित बसवणार होते.

"तांदूळ काहून नाई आनले सायब?" भैयाजीनं मागून विचारलं.

"धानाच्या गावात तांदूळ आणले असते तर तुम्हीच हसला असता."

"तेवढी अक्कल हाये म्हना." वर्ग हसला.

टिकारामचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याच्या पाकिटाच्या कोपऱ्यात चौदा आकडा होता. सकाळी अंगणात चिठ्ठ्या वाटल्या तेव्हा शकुनबाईच्या चिठ्ठीवरही त्यानं चौदाच पाहिला होता. भावजयीनं भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलू नये, पदर पुढे ओढून बाजूला व्हावं, अशी गावाची रीत. पण रीतीनं गप्प राहणं वेगळं आणि शकुनबाईचं गप्प राहणं वेगळं. भाऊ गेल्यापासूनच्या सहा वर्षांत टिकारामच्या हातचं एक शीतही तिच्या घरात गेलं नव्हतं. ही डाळ तिच्या चुलीवर शिजली, तर आपण मरायला मोकळे, असं त्याच्या मनानं घेतलं.

"मी तीन देऊन राहिलो," भैयाजी कानाशी पुटपुटला. "फुकटाचं कोन नाई म्हनते?"

टिकारामनं दहाच्या दहा पुड्या जोडीदाराच्या रकान्यात मांडल्या.

"म्हातारा येडा झाला का बे!" भैयाजी म्हणाला.

तासाभरानं अनुप सर तेच पाकीट हातात घेऊन व्हरांड्यात आले. "चौदा नंबर कोण?"

शकुनबाई दुसऱ्या वर्गातून बाहेर आली. पहिल्या वर्गातली माणसं दाराशी गोळा झाली. टिकाराम सगळ्यांच्या पुढे होता.

"आजी, चुकून खूण झाली वाटतं. समोरच्यानं तुम्हाला सगळ्या पुड्या दिल्या आहेत आणि तुम्ही नाही म्हटलंय. अशानं तुम्हाला काहीच मिळणार नाही."

"चुकून नाई केली."

"अहो, त्याचं काही जात नाही यात. त्यानं स्वतःला काही ठेवलंच नाही."

"ठेवलं ना. त्याले माहं हो पाह्यजे. तेच मी देत नाई."

"पण समोर कोण आहे हे तुम्हाला माहीतसुद्धा नाही!"

"सांगाले कायले पाह्यजे? परक्याले कोनी दोन देते, कोनी तीन देते. लय भला असन तं पाच. दाहाच्या दाहा तोच देते, ज्यानं कोनाचं सारंच घेतलं हाये."

शकुनबाई वळली. तिनं डोक्यावरचा पदर मागे टाकला आणि टिकारामच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"माह्या मानसाची पान्याची पाळी होती. तू चार दिवस तुडूम उघडला नाई."

भासऱ्याला तू म्हटलेलं गावानं पहिल्यांदा ऐकलं. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी शेतात सोडायची, डाटानं म्हणजे बुचानं बंद केलेली वाट. ती कोणासाठी कधी उघडायची, हे तेव्हा टिकाराम ठरवायचा.

"धान सुकून राहिलं होतं," ती म्हणाली. "तो सोताच डाट काढाले उतरला. वर आलाच नाई."

"शकुन, त्या साली पानीच नव्हतं तलावात..."

"पानी नव्हतं तं तो बुडला कायच्यात?"

कोणीतरी खाकरलं. भैयाजीसुद्धा जमिनीकडे बघत होता. शकुनबाईनं चिठ्ठी अनुप सरांच्या हातात दिली आणि उन्हात तशीच, उघड्या डोक्यानं, फाटकाबाहेर गेली.

अनुप सरांनी वहीत चौदा नंबरवर काट मारली. "ही जोडी गणितात घेता येणार नाही. ओळख पटली की आकडा बाद." पुड्या त्यांनी एकेक करून परत खोक्यात भरल्या.

टिकाराम खोक्याजवळ आला. "सायब, तिच्यासंग अजून एकडाव खेळाले भेटन काय? पुढच्या साली या. मी काईच ठेवत नाई."

"नाही आजोबा. एका जोडीला एकदाच."

शकुनबाई त्याच साली पावसाळ्यात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला सकाळी वारली.