जोडीचं औक्षण

माझा आमदार लेक प्रचाराला निघताना पाटावर बसला. मी ओवाळायचं, मग दाराबाहेरच्या कॅमेरेवाल्यांनी त्याच्या कपाळाचं कुंकू टिपायचं, हा आमचा नेम.

काल तो सभेत गरजला, "पुरुषावर जीव लावणाऱ्या पुरुषांना गावातून हाकला!" बारा वर्षं त्याच्याच खोलीत राहणारा दिगंबर तेव्हापासून जेवला नव्हता. आता पिशवी भरून जिन्यात उभा होता.

"दिगंबर, ये. ह्याच्याशेजारी बस. आज जोडीनं ओवाळते."

"आई, लोक बघतील!"

"बघू देत की! तुझ्या आजारपणात ह्यानं तुझी घाण काढली, तेव्हा कुठं होती लाज? त्यालाच हाकलतोस, मुडद्या?"

लेक ताडकन उठला. कोरडं कपाळ घेऊन गाडीत बसला.

मी दिगंबरच्या हातातली पिशवी काढून घेतली, त्याला पाटावर बसवलं आणि ओवाळलं.