यागोचं फळ

खड्डा कमरेइतका खोल झाला तरी काही लागलं नाही. ओबुयाने फावडं मातीत रोवलं आणि त्यावर भार टाकून तो धापा टाकत राहिला. हे म्हाताऱ्या माणसाचं काम नव्हतं. पण भावाच्या अंगणातली थडगी परक्या मजुरांनी उकरायची नाहीत, असं त्यानेच सगळ्यांना बजावलं होतं. बाकीचे भाऊबंद अशुभाला भिऊन फिरकले नाहीत, आणि फावडं त्याच्याच गळ्यात पडलं.

त्याची विधवा भावजय दोर्सिला उपड्या घमेल्यावर बसून होती. तिच्या पायाशी एक लाकडी पेटी होती. सकाळी नवऱ्याचं थडगं उकरून त्याच्या अस्थी तिच्यात ठेवल्या होत्या. आता राहिलं होतं मुलाचं. दोन्ही थडगी आज ओबुयाच्या जमिनीत हलवायची, आणि उद्यापासून या अंगणात स्टेडियमच्या नव्या स्टँडचा पाया खणायचा. पिवळ्या यंत्राने कुंपण आणि फाटक कालच सपाट केलं होतं. ते आता झोपडीमागे धूर सोडत उभं होतं आणि चालवणारा बसल्या जागी जांभया देत होता.

जुनं स्टेडियम गावाला पुरेनासं झालं, म्हणून ते तलावाच्या अंगाने वाढवायला घेतलं होतं. वाटेत आलेल्या बाकीच्या घरांनी भांडून भांडून साहेबांना घाम फोडला. दोर्सिलाने मात्र पहिल्याच बैठकीत अंगठा उठवला. शेजारणीने तेव्हा तिला तोंडावर ऐकवलं होतं, "मिन ओग्वेनो, तुझ्या पोराच्या छातीवर बसून लोक शेंगदाणे खाणार. चालेल ना तुला?" मिन ओग्वेनो म्हणजे ओग्वेनोची आई, सगळं गाव तिला याच नावाने हाक मारायचं. भांडायलाही अंगात काहीतरी शिल्लक असावं लागतं, आणि तिचं सगळं केव्हाच सरलं होतं.

तसं सांगण्यासारखं काही नव्हतंच. या थडग्यात माणूस नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. ओग्वेनोची होडी वादळात उलटली. बरोबरच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली, त्याचं लागलं नाही. तलावाने प्रेत परत दिलं नाही तर त्याच्या जागी यागोचं फळ पुरायचं, ही इथली रीत. लांबलचक, दुधीसारखं, पण चांगलं जड. ते चादरीत गुंडाळलं, त्याच्या नावाने रडून झालं, आणि ओबुयाने स्वतःच्या हाताने ते मातीत ठेवलं.

तिसऱ्या वर्षी ओग्वेनो फाटकाशी येऊन उभा राहिला. तो तलावापलीकडच्या देशाच्या किनाऱ्याला लागला होता, आणि जवळ कागदपत्रं नाहीत म्हणून तिथल्या तुरुंगात सडत पडला होता.

दोर्सिला धावत फाटकापर्यंत गेली, पण ओबुया आडवा आला. ज्याला एकदा पुरलं तो माणूस घरात शिरला तर त्याच्या मागोमाग घरात मरण शिरतं, असं तो म्हणाला. घरातला मोठा तोच, त्याच्यापुढे ओग्वेनोच्या बापाचंही काही चाललं नाही. त्या दिवसापासून दोर्सिला मुलाचं जेवण फाटकाबाहेर नेऊन द्यायची. मक्याची उगाली आणि बारीक मासळी. बापाचं दफनही त्याने रस्त्यावरून पाहिलं. पुढे स्टेडियमचं काम निघालं तेव्हा त्याने तिथे सळया बांधायचं काम धरलं. स्टँड सरकत पुढे आला तसा तोही घराजवळ आला. आत्ता तो डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभा होता. काल जिथे कुंपण होतं तिथे, बाहेरच्या बाजूला.

दोर्सिलाने अंगठा उठवला होता तो यासाठी. घर गेलं तर गेलं, पण ते थडगं एकदाचं मोडलं जाईल.

ओबुया खाली वाकला. त्याने मूठभर माती उचलली आणि फडक्यात बांधायला घेतली. फळ कुजून मातीत मिळालं असणार, तेव्हा ही मातीच न्यायची आणि नव्या जागी पुरायची, असं तो म्हणाला. म्हणजे तिचं पोर पुन्हा एकदा मातीत जाणार होतं. दोर्सिला गुडघ्यांवर हात ठेवून उठली.

"भावजी, अजून खणा," ती म्हणाली. "माझं पोर सापडलं तर खुशाल पुन्हा पुरा. नाही सापडलं, तर पुरलं कुणाला होतं ते मला सांगा."

ओबुयाने तिच्याकडे पाहिलं. मग पलीकडे उभ्या असलेल्या पुतण्याकडे पाहिलं. आणि तो पुन्हा खणू लागला. खड्डा छातीइतका झाला. तलावाकडची ओली रेती वर आली, आणि दुसरं काहीच आलं नाही. यंत्र चालवणाऱ्याने आपणहून यंत्र बंद केलं.

ओबुयाने फडक्याची गाठ सोडली आणि माती झटकून टाकली. मग तो वर यायला बघू लागला. एकदा काठ धरला, दुसऱ्यांदा धरला, पण त्याला चढता येईना. दोर्सिलाने हात पुढे केला तर त्याने मान हलवली.

"तुझ्याच्याने नाही व्हायचं," तो म्हणाला. "मला वर ओढायला धडधाकट माणूस लागेल. आणि भावाची पेटी थोरल्या मुलाने उचलायची असते. बोलाव त्याला."

दोर्सिलाने हाक मारली. इतकी वर्षं तिने त्याला फक्त जेवायला हाक मारली होती, तीही फाटकाबाहेर. आज ती नुसतं "ये" म्हणाली.

ओग्वेनोसमोर अडवणारं काही नव्हतं. एक पाऊल टाकलं असतं तर तो अंगणात आला असता. पण तो सगळ्या अंगणाला वळसा घालून गेला, आणि फाटक जिथे असायचं तिथून घरात आला.