गादीतली सुई

पिसांच्या गाद्या शिवून आमच्या पाठीचा काटा ढिला होतो, कारण कारखान्यात आम्ही बायका उघड्या फरशीवर बसतो. मालकीणबाईंचा धाकटा भाऊ मात्र इथला 'गादी तपासनीस'. जेवण झालं की तयार गादीवर जो आडवा होतो, तो सुट्टीची घंटा वाजल्यावरच उठतो. आम्ही त्याला घोरासुर म्हणतो.

"या माणसाचं इथे काम तरी काय?" आमच्यातल्या आक्कांनी एकदा मालकांना तोंडावर विचारलं.

"काम नाही असं दिसलं की काढून टाकीन. तुम्ही आपल्या टाक्यांकडे बघा."

आक्कांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्या नेहमीच्या जागेवरच्या तयार गादीत एक सुई टोक वर करून ठेवली. म्हणाल्या, "मेला पुन्हा जन्मात गादीला पाठ लावायचा नाही!"

दुपारी घोरासुर आडवा झाला आणि त्याने अशी बोंब ठोकली की मालक धावतच आले. आम्ही माना खाली घालून हसत होतो. मालकांनी सुई उपसली आणि आक्कांच्या नाकासमोर धरली.

"ही गादी गिऱ्हाइकाच्या घरी गेली असती तर? आणि म्हणे, याचं काम काय!"



आता प्रत्येक गादी झोपून तपासायची असा नियम झालाय, आणि एकट्याला झेपणार नाही म्हणून मालकीणबाईंचा थोरला भाऊही कालपासून उशी घेऊन कामावर रुजू झालाय.