मानेवरचं लेबल

नव्या एप्रनच्या मानेवरचं लेबल ओवीनं कात्रीनं उडवलं, तेव्हा डॉक्टर खासनीसांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आपण स्वमग्न आहोत, मानेला काही टोचलं की आपल्याला दुसरं काही सुचत नाही, हे तिनं मुलाखतीतच सांगितलं होतं. पण म्हणून सरकारी एप्रनला कात्री?

त्यात संशोधनाचं घोडं अडलेलं. भाजलेल्या रुग्णांसाठी प्रयोगशाळेत त्वचा वाढवायची होती, आणि पेशी मात्र त्यांच्यासाठी विणलेल्या जाळीवर दोन महिने बूड टेकायला तयार नव्हत्या.

ओवीनं जाळीचा उरलेला तुकडा गालावर फिरवला. "सर, ही टोचते. मी पेशी असते तर मीही बसले नसते."

"पेशींना गाल असतात का?" खासनीस खेकसले. खरखरीतपणा मोजणाऱ्या यंत्राच्या मते जाळी गुळगुळीत होती.

तरी तिनं हट्टानं आणखी मऊ जाळी विणली. नवव्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर पेशी ऐसपैस मांडी घालून बसलेल्या!

टाळ्या ओसरल्यावर खासनीस मान खाजवत तिच्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, "ती कात्री दे जरा. बावीस वर्षं टोचतंय."