पुष्पाबाईंचा साठा

मस्तगडातल्या त्या गल्लीत आठवड्यानं नळ यायचा, तेव्हा पुष्पाबाई रांजणापासून वाटीपर्यंत सगळं भरून ठेवायच्या. “एकटा जीव, अन् साठेबाजी केवढी करून राह्यली म्हातारी!” शेजारची मनीषा परवाच त्यांना ऐकू जाईल असं बोलली होती. आज मनीषाचे सासरे गेले. मसणवाट्यातून परतलेली माणसं अंगणात ताटकळली. आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल कसं टाकायचं? नळ यायला अवकाश, मनीषाची टाकी कोरडी ठणठणीत. पुष्पाबाईंकडे कोणत्या तोंडानं मागणार? तेवढ्यात पुष्पाबाईंनी दार सताड उघडलं. “या रे समदे, जल्दी अंगावर पाणी घ्या!” पुष्पाबाईंची टाकी उपसली, घागरी गेल्या, पातेली गेली, वाट्यासुद्धा पालथ्या झाल्या. शेवटी रांजणातून तांब्याभर निघालं. “मावशी, हे तरी ठेवा तुमच्यासाठी,” मनीषा कोरड्या ओठांनी म्हणाली. पुष्पाबाईंनी तांब्या तिच्याच हातात दिला. “पी, पोरी. माझं काय, एकटा जीव.”